होपवेलचं केपोन प्रकरण: हात थरथरले म्हणून पकडलं गेलं, नुसता स्पर्म काउंट गेला असता तर कुणाला कळलंच नसतं

जुलै 1975. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात जेम्स नदीच्या काठावर होपवेल नावाचं छोटं शहर आहे, सगळं केमिकल कंपन्यांवर चालणारं, स्वतःला दक्षिणेची केमिकल राजधानी म्हणवून घेणारं. तिथल्या कीटकनाशकाच्या प्लांटमधला एक तरुण कामगार डॉ. यी-नान चाऊ यांच्याकडे गेला. हात थरथरत होते, छातीत दुखत होतं, वजन उतरलं होतं, नजर एका जागी ठरत नव्हती. त्याच्यासारखी तक्रार घेऊन प्लांटमधली आणखीही माणसं गावातल्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती आणि टेन्शन आहे, नर्व्हस आहात असं ऐकून परत कामावर गेली होती. डॉ. चाऊंनी वेगळं काय केलं तर विचारलं, तू काम कुठे करतोस आणि तिथे हाताळतोस काय. मग रक्त घेतलं आणि अटलांटाच्या सीडीसीला, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेला पाठवून दिलं.

रिपोर्ट आल्यावर सीडीसीने राज्याचे साथरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट जॅक्सन यांना कळवलं आणि ते होपवेलला आले. त्यांनी पहिला तपासलेला माणूस 23 वर्षांचा होता आणि त्याला धड उभंही राहता येत नव्हतं. 24 जुलैला प्लांट बंद झाला. हे सगळं प्रकरण इंग्रजी पुस्तकांत नदीच्या प्रदूषणाची गोष्ट म्हणून येतं, थरथरणाऱ्या हातांची गोष्ट म्हणून येतं, पण मला ते इथे मांडायचंय ते त्यातल्या तिसऱ्या गोष्टीसाठी, जी बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकलेली असते. या पुरुषांचे शुक्राणू कमी झाले होते, आणि ज्या केमिकलमुळे झाले ते शरीरात इस्ट्रोजेनसारखं वागणारं होतं. हार्मोन बिघडवणारी केमिकल्स आणि पुरुषाची प्रजननक्षमता यावर आज नेटवर खूप काही लिहिलं जातं, त्यात निम्मी भीती आणि निम्मा अंदाज असतो, म्हणून जिथे डोस माहीत आहे, रक्तातली पातळी मोजलेली आहे आणि पुढे काय झालं तेही माहीत आहे अशी एक केस नीट बघायला हवी असं मला वाटतं.

आधी केमिकल. नाव क्लोरडेकोन, बाजारात केपोन. दहा कार्बन, दहा क्लोरीन, एक ऑक्सिजन, आणि सगळं पिंजऱ्यासारखं घट्ट बांधलेलं, त्यामुळे ते ना मातीत लवकर मोडतं ना शरीरात. अमेरिकेत ते मुंग्या आणि झुरळांच्या सापळ्यात वापरायचे, पण खरा माल जायचा बाहेरच्या देशात, केळीच्या कंदात शिरणाऱ्या सोंडकिड्यासाठी लॅटिन अमेरिकेकडे, आणि युरोपात बटाट्यावरच्या किडीचं औषध बनवायला. मूळ मालक अलाइड केमिकल ही मोठी कंपनी. 1973 मध्ये त्यांनी हे उत्पादन बाहेर द्यायचं ठरवलं आणि अलाइडमधूनच बाहेर पडलेल्या दोघांनी लाइफ सायन्स प्रॉडक्ट्स नावाची छोटी कंपनी काढली. कच्चा माल अलाइडचा, तयार माल अलाइडचा, मधलं काम यांचं. आपल्याकडे एमआयडीसीत याला सरळ जॉबवर्क म्हणतात. जागा कुठली, तर एक जुना पेट्रोल पंप. मार्च 1974 ला उत्पादन सुरू झालं आणि पुढचे सोळा महिने ते जसं चाललं ते वाचताना राग येतो. पांढरी पूड हवेत, मशीनवर, जमिनीवर, कपड्यांवर, केसांत. धड मास्क नाहीत, हातमोजे नाहीत, जेवणही तिथेच. कामगारांनी त्या थरथरीला स्वतःच नाव पाडलं होतं, केपोन शेक्स, आणि नाव पडलं म्हणजे ती किती रोजची झाली असेल बघा.

खुणा आधीपासून होत्या. सप्टेंबर 1974 मध्ये कामावरून काढलेल्या एकाने ओशाकडे, म्हणजे तिथल्या कामगार सुरक्षा खात्याकडे तक्रार केली होती की काम धोक्याचं आहे म्हणून मी नकार दिला आणि मला काढलं. खात्याने ती नोकरीच्या वादाची तक्रार धरली आणि प्लांट बघायला कुणी गेलंच नाही. दुसरी खूण शहराच्या सांडपाणी केंद्रात, प्लांटचं पाणी तिकडे जायचं आणि मैला कुजवणारे जिवाणूच मरून गेले. जिवाणू मेले तेव्हाच कुणीतरी विचारायला हवं होतं की त्या पाण्याच्या उगमापाशी उभ्या माणसांचं काय होत असेल.

आता आकडे. आजी-माजी मिळून 133 कामगार तपासले गेले, त्यातले 76 आजारी निघाले, म्हणजे 57 टक्के. प्रत्यक्ष उत्पादनात असलेल्यांमध्ये हे प्रमाण 64 टक्के आणि बाकीच्यांमध्ये 16 टक्के. आजारी असलेल्यांच्या रक्तात केपोन सरासरी 2.53 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत 2.53 भाग), ज्यांना त्रास नव्हता त्यांच्यात 0.60. डोस वाढला की आजार वाढतो हे इतकं स्वच्छ फार कमी प्रकरणांत दिसतं. आणि आजार फक्त कामगारांपुरता राहिला नाही, दोन कामगारांच्या बायकाही आजारी पडल्या, प्लांटमध्ये कधी पाऊल न ठेवता. ही पूड घरी येते कशी, तर अंगावरून, कपड्यांवरून.

शुक्राणूंचं कळलं ते त्यानंतर. रिचमंडच्या मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. फिलिप गुझेलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे हे रुग्ण गेले, तिथे मेंदू, लिव्हर, सगळं तपासताना वीर्यतपासणीही झाली. काहींमध्ये संख्या कमी, हालचाल करणारे शुक्राणू कमी. यातला मुद्दा असा की एकही माणूस दवाखान्यात या तक्रारीसाठी आलेला नव्हता. शुक्राणू कमी झाल्याचं दुखत नाही, ताप येत नाही, संबंधांमध्ये फरक जाणवेलच असं नाही, दाढी-मिशा तशाच, ताकद तशीच. पुरुषाला ते कळायचा एकच रस्ता, मूल हवंय आणि राहत नाहीये, आणि तेव्हाही तपासणी आधी बायकोची होते. होपवेलमध्ये केपोनने मज्जासंस्थेलाही धरलं म्हणून बाकीचं उघड झालं. समजा ते केमिकल फक्त वृषणावर काम करणारं असतं तर तो प्लांट आणखी कितीतरी वर्षं आरामात चालला असता असं माझं स्पष्ट मत आहे.

हे होतं कसं ते जरा नीट सांगतो कारण इथेच बहुतेक लेखांत घाई होते. पुरुषाच्या शरीरातही इस्ट्रोजेन असतं, थोडं, आणि ते लागतंही. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच आणि एलएच अशी दोन हार्मोन्स सोडते, एलएचच्या सांगण्यावरून वृषणात टेस्टोस्टेरॉन बनतं, एफएसएच शुक्राणू वाढवणाऱ्या पेशींना कामाला लावतं, आणि रक्तात टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन पुरेसं दिसलं की मेंदू वरून सोडणं कमी करतो. म्हणजे ही सगळी व्यवस्था निरोपांवर चालते. आता बाहेरून आलेला रेणू जर इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीतल्या निरोप घेणाऱ्या जागेला जाऊन चिकटला तर पेशीला वाटतं निरोप आलाय. केपोन असं करतं हे 1970 च्या दशकाच्या शेवटी कोंबडीच्या अंडनलिकेवर आणि उंदराच्या गर्भाशयावर प्रयोग करून दाखवलं गेलं. त्याची पकड खऱ्या इस्ट्रोजेनपेक्षा खूपच कमकुवत असते, आणि यावर लगेच कुणी म्हणेल मग काय बिघडलं, तर बिघडतं ते असं की खरं इस्ट्रोजेन शरीर भराभर मोडून टाकतं आणि केपोन महिनोन्महिने रक्तात फिरत राहतं. कमकुवत निरोप, पण न थांबणारा. कामगारांच्या वृषणात नेमकी कुठली पायरी किती अडली, वरचा मेंदूकडचा निरोप किती आणि खाली थेट वृषणावरचा परिणाम किती, याची वाटणी एका वाक्यात करता येत नाही आणि जो लेख करतो त्यावर मी विश्वास ठेवत नाही.

आणि हे अचानक समोर आलं असंही नाही. 1965 मध्येच उंदरांवर केलेलं काम छापून आलं होतं, केपोन खाल्लेल्या उंदरांना पिल्लं होणं बंद, माद्या सतत माजावर असल्यासारख्या, म्हणजे इस्ट्रोजेन जास्त झाल्याची अगदी पुस्तकी खूण. होपवेलच्या त्या पेट्रोल पंपात उत्पादन सुरू व्हायच्या नऊ वर्षं आधी! माहिती कपाटात होती, ती शिफ्टवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत कुणी नेली नाही. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त हेच खटकतं.

उपचाराचा भाग मात्र खरंच सुंदर आहे. गुझेलियन यांच्या टीमने बघितलं की केपोन लिव्हरमधून पित्तावाटे आतड्यात उतरतं खरं, पण शौचावाटे बाहेर पडतं त्यातलं अगदी थोडं, बाकीचं आतडं परत शोषून घेतं आणि ते पुन्हा लिव्हरला. दोन गावांमध्ये दिवसभर फेऱ्या मारणारी एसटी असते तसं, गाडी निघते पण तालुक्याबाहेर कधी जात नाही. मग त्यांनी कोलेस्टायरामीन दिलं, कोलेस्टेरॉलसाठी वापरात असलेलं जुनं औषध, जे स्वतः आतड्यात शोषलं जात नाही पण केपोनला तिथे धरून ठेवतं आणि घेऊन बाहेर पडतं. रक्तातलं केपोन अर्ध्यावर यायला आधी साधारण 165 दिवस लागायचे ते 80 दिवसांवर आलं. 1978 मध्ये हे छापून आलं. पातळी उतरली तशी थरथर कमी झाली, आणि शुक्राणूंची संख्या आणि हालचालही वर आली. पुढच्या वर्षांत यातल्या पुरुषांना मुलंही झाली.

हे परत येणं फार महत्त्वाचं आहे आणि त्याची किंमत कळायला शेजारची दुसरी केस ठेवून बघा. 1977, कॅलिफोर्नियातलं लॅथ्रॉप, तिथेही कीटकनाशकांचा प्लांट, केमिकल डीबीसीपी, मुळांना लागणाऱ्या सूत्रकृमींसाठीचं. तिथे कुणाचे हात थरथरत नव्हते. कामगारच आपसात बोलायला लागले की आपल्यातल्या कुणालाच मूल का होत नाहीये, आणि मग वीर्यतपासणी झाली. नसबंदी न केलेल्या 25 जणांपैकी 14 जणांमध्ये शुक्राणू एकतर शून्य किंवा खूप कमी, एफएसएच आणि एलएच वाढलेलं, टेस्टोस्टेरॉन नॉर्मल. म्हणजे मेंदू ओरडून निरोप देतोय आणि खाली काम करणाऱ्या पेशीच उरलेल्या नाहीत. डीबीसीपी शुक्राणू बनवणाऱ्या मूळ पेशींनाच मारतं, त्यामुळे इस्रायलमधल्या डीबीसीपी कामगारांना सतरा वर्षं फॉलो केलं तेव्हा काहींचे शुक्राणू परत आले आणि काहींचे कधीच आले नाहीत. तेव्हा निरोपात गोंधळ घालणारं केमिकल आणि निरोप घेणारी पेशी मारणारं केमिकल, रिपोर्टवर दोन्हींचं नाव एकच, स्पर्म काउंट कमी, पण पुढचं भविष्य पूर्ण वेगळं. म्हणूनच नुसता काउंट बघून बाहेरची पावडर आणि टॉनिक सुरू करणं मला अजिबात पटत नाही, एफएसएच तरी बघा.

केपोनचं पुढे काय झालं ते थोडक्यात. अलाइडने आधीच्या काळात नदीत सोडलेल्या सांडपाण्याच्या 940 आरोपांवर बचाव केला नाही आणि 1976 मध्ये कोर्टाने 1 कोटी 32 लाख डॉलरचा दंड ठोठावला, नंतर कंपनीने पर्यावरणाच्या कामासाठी 80 लाखांचा निधी दिला म्हणून दंड 50 लाखांवर आणला. जेम्स नदीतली मासेमारी डिसेंबर 1975 मध्ये बंद झाली आणि ती बंदी पूर्ण उठायला 1988 उजाडलं. केपोन नदीतून काढलं असं काही नाही, वर गाळ साचत गेला आणि ते खाली दबलं.

पण अमेरिकेत दार बंद झालं म्हणून केमिकल संपलं नाही. फ्रान्सच्या ताब्यातली ग्वाडलूप आणि मार्टिनिक ही कॅरिबियन बेटं, सगळीकडे केळी. तिथे 1972 पासून क्लोरडेकोन वापरात होतं, होपवेल बंद झाल्यावर ब्राझीलमध्ये बनवून कर्लोन या नावाने आलं आणि 1993 पर्यंत चाललं, फ्रान्सने स्वतः 1990 मध्ये परवानगी काढून घेतल्यानंतरही खास सवलत देऊन. आज तिथल्या मोठ्या माणसांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांच्या रक्तात ते सापडतं, कारण मातीत आहे, कंदमुळांत आहे, किनाऱ्याजवळच्या माशांत आहे. आता प्रश्न आपला, तिथल्या पुरुषांच्या शुक्राणूंचं काय? ग्वाडलूपमध्ये हे तपासलं गेलं, केळीबागेतले कामगार आणि बाकीचे पुरुष दोन्ही घेऊन, आणि रक्तातलं क्लोरडेकोन आणि वीर्याचा दर्जा यांचा संबंध दिसला नाही. पातळी होपवेलपेक्षा शेकडो पटींनी कमी, पीपीएम नाही तर पीपीबी, म्हणजे अब्ज भागांतले भाग. हा निकाल मी मुद्दाम सांगतोय, कारण हार्मोनवाल्या केमिकलचं नाव घेतलं की लोक लगेच सगळ्या गावाला वांझ ठरवतात, ते तसं नाही. पण म्हणून तिथे सगळं ठीक आहे असंही नाही. 2010 मध्ये तिथल्याच अभ्यासात रक्तात क्लोरडेकोन जास्त असलेल्या पुरुषांमध्ये प्रोस्टेट कॅन्सरचा धोका जास्त दिसला, आणि 2021 च्या डिसेंबरमध्ये फ्रान्सने शेतमजुरांसाठी तो व्यवसायामुळे होणारा आजार म्हणून मान्य केला. म्हणजे तोच रेणू, डोस आणि काळ बदलला की तक्रार बदलते.

आणि वय बदललं की अजून एक गोष्ट बदलते. आपल्या देशातलं उदाहरण कासरगोडचं, केरळच्या उत्तर टोकाचं. काजूच्या डोंगरांवर वीस वर्षांहून जास्त काळ हेलिकॉप्टरमधून एन्डोसल्फान हे कीटकनाशक फवारलं गेलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने डोंगराच्या पायथ्याच्या गावातली 10 ते 19 वयाची 117 मुलं आणि फवारणी नसलेल्या गावातली 90 मुलं तपासली, 2003 मध्ये ते छापलं. फवारणीच्या गावातल्या मुलांमध्ये वयात येण्याच्या खुणा उशिरा, वयाच्या मानाने टेस्टोस्टेरॉन कमी, एलएच जास्त. अभ्यास लहान होता आणि त्यावर वादही झाले, तरी मला तो होपवेलच्या शेजारी ठेवावासा वाटतो, कारण होपवेलची माणसं पूर्ण वाढलेली होती, केमिकल बाहेर पडलं आणि यंत्रणा परत चालू झाली. वाढीच्या वयातल्या मुलाची, किंवा त्याही आधी गर्भातल्या मुलाची यंत्रणा अजून उभी राहत असते. गर्भात पहिल्या तीन-चार महिन्यांत वृषणाची जी पायाभरणी होते तिथे निरोप चुकला तर नंतर केमिकल काढून टाकल्याने ते भरून येईल अशी आशा धरता येत नाही. एन्डोसल्फानवर सुप्रीम कोर्टाने मे 2011 मध्ये देशभर बंदी घातली.

आता इथलं. तारापूर, लोटे परशुराम, महाड, डोंबिवली, अंबरनाथ, कुरकुंभ, या पट्ट्यांत जॉबवर्कवर चालणारे छोटे प्लांट किती आणि तिथे कंत्राटावर पंचवीस-तिशीतली लग्नाच्या वयाची मुलं किती, हे तिथे राहणाऱ्याला सांगायला नको. शेतात फवारणीचं वेगळंच, पंप पाठीवर, शर्ट भिजलेला, आणि तोच शर्ट घरी धुणारी बायको किंवा आई. यातल्या कुठल्या पोराचा काउंट कमी आला तर तो केमिकलमुळेच असं मी म्हणत नाही, व्हेरिकोसील (वृषणाजवळच्या शिरा फुगणं) असेल, गालगुंड होऊन गेले असतील, तंबाखू असेल, भट्टीजवळची उष्णता असेल, अनुवंशिक असेल, कारणं ढीगभर. मी म्हणतोय ते एवढंच की विचारलंच जात नाही. वंध्यत्वाच्या केसपेपरवर नवऱ्याच्या नावापुढे धंदा म्हणून नोकरी एवढा एक शब्द असतो. कुठल्या प्लांटला, कुठल्या सेक्शनला, पावडर भरतो की कंट्रोल रूममध्ये बसतो, किती वर्षं, अंघोळ करून घरी जातो की तसाच, सोबतच्या पोरांना मुलं झालीत का. हा शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे, लॅथ्रॉप पकडलं गेलं ते त्याच एका प्रश्नावर.

आणि ज्याच्या हातात आत्ता असा रिपोर्ट आहे त्याच्यासाठी: एका रिपोर्टवर काही ठरवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शिकेत एका मिलिलीटरला 1 कोटी 60 लाख ही खालची रेषा धरलीय, पण त्याच माणसाचे दोन महिन्यांतले दोन आकडे खूप वेगळे येऊ शकतात. नवा शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे आज दिसतोय तो अडीच-तीन महिन्यांपूर्वीच्या परिस्थितीचा निकाल. शक्य असेल तर सेक्शन बदलून घ्या, कपडे प्लांटवरच बदला, घरच्यांच्या कपड्यांत ते मिसळू नका, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, सोबत एफएसएच, एलएच आणि टेस्टोस्टेरॉन करून घ्या, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी काय हाताळता त्याचं नाव ड्रमवरच्या लेबलावरून कागदावर लिहून घेऊन जा.